रणजी २०२४-२५ : पहिल्या डावाची आघाडी आणि बाकी भानगडी

गलीपॉइंट | ११ ऑक्टोबर २०२४

उद्या दसरा, आणि आजपासून रणजी. मुंबई बडोद्यात, महाराष्ट्र श्रीनगरला. दरवर्षी रणजीचा धागा कोणीतरी काढेल म्हणून वाट बघतो आणि शेवटी फायनलच्या दिवशी "अरे, संपला पण?" असा एक प्रतिसाद टाकून गप्प बसतो. यंदा मीच काढतोय.

मोसमाची रचना नेहमीसारखी नाही. साखळीचे पाच सामने नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, मग मुश्ताक अली (टी-२०) आणि विजय हजारे (एकदिवसीय) स्पर्धा, आणि उरलेले दोन सामने थेट २३ जानेवारीपासून. म्हणजे ज्याला सूर सापडलाय त्याने तो दोन महिने पांढऱ्या चेंडूवर सांभाळायचा आणि मग परत लाल चेंडू हातात घ्यायचा.

नव्या लोकांसाठी गुणांचा हिशेब. सामना जिंकला तर ६. डावाने किंवा दहा विकेटांनी जिंकला तर ७. अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि पिछाडीवर असणाऱ्याला १. बाद फेरीत तर हीच आघाडी पुढे कोण जाणार ते ठरवते. माझं म्हणणं आताच नोंदवून ठेवतो: या नियमाला सगळे शिव्या घालतात, पण रणजीतला खरा थरार त्यातच असतो. मोसम संपल्यावर बोलू.

मैदानी मुंबईकर | ११ ऑक्टोबर

धागा काढलास ते बरं केलंस. गतविजेते आम्हीच आहोत, ४२वं विजेतेपद आहे, विसरू नका. शिवाय आत्ताच लखनौला २७ वर्षांनी इराणी करंडक आणलाय. सर्फराज २२२ नाबाद. बाकीच्यांनी उपविजेतेपदासाठी झगडावं :)

जामठा एक्सप्रेस | ११ ऑक्टोबर

मार्चमधल्या फायनलमध्ये वानखेडेवर ५३८चा पाठलाग करताना आमच्या विदर्भाचे ३६८ झाले होते. वाडकरचं शतक, करुण नायरचे ७४, हर्ष दुबेचे ६५. तुमच्या गोलंदाजांच्या तोंडाला फेस आला होता. यंदा नागपूरला या, मग बघू राजेहो.

टी२०वाला | १२ ऑक्टोबर

चार दिवस खेळून अनिर्णित! एवढ्या वेळात माणूस घर रंगवून मोकळा होतो.

मैदानी मुंबईकर | १४ ऑक्टोबर

बडोद्याकडून ८४ धावांनी हरलो. कोणी काही बोलू नका.

जामठा एक्सप्रेस | १४ ऑक्टोबर

बोलत नाही. नुसता हसतोय.

गहुंजेकर | २१ ऑक्टोबर

बीकेसीच्या मैदानावर मुंबईने आमच्या महाराष्ट्राचा नऊ विकेटांनी निकाल लावला. पहिल्या डावात आमचे १२६. ऋतुराजने दुसऱ्या डावात १४५ काढले, पण तोवर उशीर झाला होता. मुंबईकडून आयुष म्हात्रे नावाचं सतरा वर्षांचं पोर १७६ करून गेलं. विरारचा आहे म्हणे. सतराव्या वर्षी आम्ही विरार लोकलमध्ये शिरू शकत नव्हतो, हा पठ्ठ्या पावणेदोनशे काढतोय.

अण्णा स्कोअरर | २२ ऑक्टोबर

महाराष्ट्राच्या लोकांनी इतकं खचू नये. १९३९-४० आणि ४०-४१, लागोपाठ दोनदा करंडक पुण्यात आला होता, प्रा. दि. ब. देवधर कर्णधार. भाऊसाहेब निंबाळकरांचे नाबाद ४४३ तर पुण्यातच झाले. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम नऊ धावांवर होता आणि काठियावाडच्या संघाने पुढे खेळायला नकार दिला. जगातला असा एकमेव फलंदाज, ज्याला गोलंदाजाने नाही, समोरच्या कर्णधाराने थांबवलं.

गहुंजेकर | २२ ऑक्टोबर

अण्णा, त्यालाच ८० वर्षं झाली. आम्ही अजून त्याच शिळ्या कढीला ऊत आणतोय. २०१३-१४ला केदार जाधवने मोसमात १२२३ धावा काढल्या, फायनल गाठली, आणि तिथे कर्नाटकने हरवलं. त्यानंतर काय?

गहुंजेकर | १४ नोव्हेंबर

आता हेही गेलं. गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कौठणकर यांनी अरुणाचलविरुद्ध ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली. दोघांचीही त्रिशतकं, धावफलक ७२७/२. रणजीतली सर्वात मोठी भागीदारी आतापर्यंत आमच्या स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणेची होती, ५९४. तीही दिल्लीविरुद्ध, वानखेडेवर, २०१६ला. त्याच सामन्यात पंतने ३०८ केले होते. आणि इथे समोर कोण, तर पहिल्या डावात ८४ला गडगडलेला संघ.

मला त्या दोघांचं वाईट वाटत नाही, त्यांनी समोर आलेला चेंडू मारला. पण प्लेट (खालच्या) गटातले आकडे आणि एलिट (वरच्या) गटातले आकडे एकाच रकान्यात लिहायचे का? जाता जाता, गुगळेने तेव्हा ६३५/२वर डाव घोषित केला होता. संगकारा-जयवर्धनेंचा ६२४चा जागतिक विक्रम तीस धावांवर होता. त्या निर्णयाने मी अजून रात्री दचकून उठतो.

सिलीपॉइंट ताई | १५ नोव्हेंबर

फलंदाजांचे आकडे पुरे झाले. आज लाहलीला हरयाणाच्या अंशुल कंबोजने केरळच्या एका डावातले दहाच्या दहा घेतले. ४९ धावांत १०. रणजीच्या इतिहासात तिसराच. आधी बंगालचे प्रेमांशू चॅटर्जी आणि राजस्थानचे प्रदीप सुंदरम. दहा घेण्यात एक गंमत असते. नऊ झाल्यावर दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाची पंचाईत होते. बिचाऱ्याने विकेट घ्यायची की नाही?

अण्णा स्कोअरर | १५ नोव्हेंबर

आणि स्कोअररचीही. जिल्ह्याच्या सामन्यांत मी बरीच वर्षं वही सांभाळली. आमच्याकडे एका पोराने आठ घेतले होते आणि माझ्या गोलंदाजीच्या तक्त्यात त्याच्या ओळीला जागाच उरली नव्हती. शेवटची षटकं समासात लिहिली. लोकांना वाटतं स्कोअरर धावा मोजतो. निर्धाव षटकाची सहा टिंबं जोडून 'एम' काढायचा, त्यात विकेट पडली असेल तर तीच टिंबं जोडून 'डब्ल्यू'. एखाद्या डावखुऱ्या फिरकीपटूच्या ओळीत असे एम-एम-एम पडायला लागले की नक्षी दिसते, अगदी रांगोळीसारखी. धावफलक न बघता सांगता येतं की समोर फलंदाज गुदमरलाय.

मैदानी मुंबईकर | २३ जानेवारी २०२५

दुसरा टप्पा सुरू. बीकेसीवर आज जत्रा. रोहित, यशस्वी, रहाणे, श्रेयस, शिवम दुबे, शार्दूल, म्हणजे अर्धी भारतीय टीम. समोर जम्मू-काश्मीर. रोहित ३वर गेला, उमर नझीर मीरने काढला. सगळा संघ १२०. शार्दूलने ५१ काढले म्हणून एवढे तरी.

मैदानी मुंबईकर | २५ जानेवारी

पाच विकेटांनी हरलो. शार्दूलने दुसऱ्या डावात ११९ ठोकून इभ्रत राखायचा प्रयत्न केला. पण ज्या दिवशी आठव्या-नवव्या क्रमांकाचा माणूस दोन्ही डावांत तारणहार होतो, त्या दिवशी वरच्या सातांनी आरशात बघावं.

सिलीपॉइंट ताई | २५ जानेवारी

जम्मू-काश्मीरने २०१४लाही वानखेडेवर मुंबईला हरवलं होतं, परवेझ रसूल कर्णधार असताना. तेव्हा सगळे म्हणाले, लॉटरी लागली. दुसऱ्यांदा लॉटरी लागत नाही.

गहुंजेकर | २७ जानेवारी

आमच्याकडेही बघा जरा. नाशिकला बडोद्याला ४३९ धावांनी हरवलं! ज्यांनी मुंबईला हरवलं त्यांना आम्ही हरवलं, म्हणजे गणिताने आम्ही मुंबईपेक्षा...

मैदानी मुंबईकर | २७ जानेवारी

गणित पुण्यातच ठेवा.

टी२०वाला | ३० जानेवारी

आज मीसुद्धा रणजी बघितला! दिल्लीत कोटल्यावर कोहली. प्रवेश फुकट, बाहेर झुंबड.

गलीपॉइंट | २ फेब्रुवारी

बघितला ना? मग परवा रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याचा स्टंप उडवला तेही बघितलं असशील. ६ धावा. आणि लगोलग स्टेडियम रिकामं व्हायला लागलं. रणजीची हीच व्यथा आहे. गर्दी माणसाला बघायला येते, सामन्याला नाही. तिकडे त्याच फेरीत शार्दूलची मेघालयाविरुद्ध हॅटट्रिक, मेघालय ६ बाद २. मुंबईने ६७१ काढून डाव आणि ४५६ धावांनी सामना खिशात घातला आणि बाद फेरी गाठली. गुणतक्त्यात वर मात्र जम्मू-काश्मीर.

गहुंजेकर | १० फेब्रुवारी

लोकहो, आज ऑफिसला दांडी मारून गहुंज्याला, पुण्याच्या स्टेडियमवर गेलो होतो. जम्मू-काश्मीर विरुद्ध केरळ, उपांत्यपूर्व. सविस्तर लिहितो, कारण हे परत बघायला मिळेल असं वाटत नाही.

काल संध्याकाळी केरळ ९ बाद २००. काश्मीरचे २८०. आकिब नबीने एकट्याने अर्ध्याहून जास्त संघ कापला होता. ८० धावा हव्यात, बरोबरीसाठी. मैदानावर सलमान निझार ४९वर आणि सोबत बेसिल थंपी, जो गोलंदाज आहे. मला वाटलं, अर्ध्या तासात आटपेल, मग दुपारी परत येऊन मेल बघू.

अख्ख्या त्या वाडग्यासारख्या स्टेडियममध्ये आम्ही इतके थोडे की यष्टिरक्षक काय बडबडतोय ते ऐकू येत होतं. निझारचा उद्योग सोपा होता: मधल्या चेंडूंवर चौकार मिळाला तर घ्यायचा, आणि षटक संपता संपता एक धाव पळून स्ट्राइक परत आपल्याकडे. क्षेत्ररक्षक पाचव्या चेंडूला सीमेवरून धावत आत यायचे, पहिल्या चेंडूला परत बाहेर. सकाळभर ही कवायत. माझ्या शेजारी एक काका होते, ते बोटांवर मोजत होते. पन्नास उरल्या, तीस उरल्या. दहा उरल्या तेव्हा काकांनी मोजणं थांबवलं आणि डबा उघडून तसाच मांडीवर ठेवला.

२८१. एका धावेची आघाडी. ८१ची भागीदारी, त्यात थंपीच्या १५. निझार ११२ नाबाद. आघाडीची धाव निघाली तेव्हा केरळच्या ड्रेसिंग रूममधून जो आवाज आला तो द्रुतगती मार्गावर ऐकू गेला असेल.

गलीपॉइंट, तुझा नियम मला आज पटला.

गलीपॉइंट | १२ फेब्रुवारी

धन्यवाद. आणि दुसरं अंग बघ. काश्मीरने नंतर ३९९/९वर डाव सोडला, पारस डोग्रा १३२. केरळला ३९९ करायच्या होत्या, ते ६ बाद २९५वर दिवस काढून थांबले. त्या एका धावेच्या जोरावर शेवटच्या दिवशी त्यांना फक्त उभं राहायचं होतं. काश्मीरला मात्र उरलेल्या सगळ्या विकेट हव्या होत्या. एक धाव म्हणजे काय ओझं असतं, ते कळतं.

जामठा एक्सप्रेस | १२ फेब्रुवारी

आमच्याकडे असल्या नाडीच्या ठोक्यांची गरज पडली नाही. तामिळनाडू १९८ धावांनी आडवं. करुण १२२. साखळीतही सातपैकी सहा सामने सरळ जिंकलेत. आता मुंबई. या नागपूरला.

मैदानी मुंबईकर | १२ फेब्रुवारी

येतो. ईडनवर हरयाणाला १५२ने हरवून येतोय, रहाणेचं शतक आणि शार्दूलच्या सहा विकेट खिशात आहेत.

जामठा एक्सप्रेस | २१ फेब्रुवारी

८० धावांनी! विदर्भ ३८३ आणि २९२, मुंबई २७० आणि ३२५. पहिल्या डावात पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्या आणि शिवम दुबे काढले. सूर्या आणि दुबे शून्यावर. दुसऱ्या डावात यश राठोड १५१, मग हर्षच्या पाच. फायनल आमच्या नागपूरच्या जामठ्यावर!

मैदानी मुंबईकर | २१ फेब्रुवारी

अभिनंदन, मनापासून. आमच्या आकाश आनंदचं शतक आठवणीत ठेवा एवढंच. पण एक विचारू? तुमच्या संघात करुण कर्नाटकचा, ध्रुव शौरी दिल्लीचा. आधी वसीम जाफर आमचाच. भाड्याच्या घोड्यांवर किती दिवस?

जामठा एक्सप्रेस | २१ फेब्रुवारी

भाऊ, आणला तर आणला. करुणला कर्नाटकने सोडलं, आम्ही घेतलं. कसोटीत त्रिशतक करणाऱ्या माणसाने "क्रिकेटा, अजून एक संधी दे" असं जगजाहीर लिहिलं होतं. ती संधी नागपूरने दिली. आणि दानिश मालेवार कोण? यश राठोड, हर्ष दुबे, पार्थ रेखडे, दर्शन नळकांडे, अक्षय वाडकर? सगळी आपलीच पोरं. १९५७-५८ पासून आम्ही रणजीत आहोत. साठ वर्षं लोक आमच्याकडे सहा गुण मोजून जायचे.

सिलीपॉइंट ताई | २१ फेब्रुवारी

भाड्याच्या घोड्यांचा विषय निघालाच आहे तर केरळकडे बघा. आज अहमदाबादला काय झालं ते वाचलंत का? केरळ ४५७. गुजरात चौथा दिवस संपताना ७ बाद ४२९, आघाडीला २९ हव्या. आज सकाळी आदित्य सरवटेने तिन्ही विकेट काढल्या. होय, तोच सरवटे, ज्याने २०१८-१९च्या फायनलमध्ये विदर्भासाठी ११ घेतल्या होत्या, पुजाराला १ आणि ०वर धाडलं होतं. यंदा तो केरळकडून खेळतोय.

आणि शेवटची विकेट! ४५५ झालेत, चौकार गेला की गुजरात फायनलमध्ये. नागवासवालाने जोरात हाणला, चेंडू शॉर्ट लेगच्या हेल्मेटवर आदळला, वर उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात. शॉर्ट लेगला कोण होता? सलमान निझार. पुण्यात बॅटने एक धाव, अहमदाबादेत डोक्याने दोन.

२०१७पूर्वी हा झेल ग्राह्य नव्हता. क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागलेला चेंडू पकडला तर बाद देत नसत. केरळ इतिहासात पहिल्यांदा फायनलला गेलं, त्यात एमसीसीच्या कायदेमंडळाचाही हात आहे.

गलीपॉइंट | २१ फेब्रुवारी

म्हणजे आता जामठ्यावर विदर्भाविरुद्ध सरवटे. असं कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपणच नाकं मुरडली असती.

जामठा एक्सप्रेस | २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र, उपास आणि फायनल. केरळने नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली. २४ला ३. साबुदाणा घशात अडकला. मग दानिश आणि करुणने २१५ची भागीदारी केली. करुण ८६वर धावबाद झाला, नाहीतर आज दोघांचीही शतकं होती. वर्धा रोडने इतक्या लांब येऊन उन्हात बसायचं सार्थक झालं.

जामठा एक्सप्रेस | २८ फेब्रुवारी

काल दानिश १५३ करून गेला, आमचे ३७९. आणि त्यांच्याकडून ७९ कोणी काढले? सरवटेने. आम्ही त्याला टाळ्या वाजवल्या, दुसरं काय करणार. सचिन बेबी ९८वर. शतकाला दोन हव्या होत्या, रेखडेला उचलून मारायला गेला आणि करुणच्या हातात दिला. तिथेच सामना फिरला. ३४२. आघाडी ३७.

हर्ष ६९ विकेट! एका रणजी मोसमातला विक्रम. बिहारच्या आशुतोष अमनच्या ६८ होत्या, त्याआधी ४४ वर्षं बेदींच्या ६४.

गलीपॉइंट | २८ फेब्रुवारी

अमन, बेदी, दुबे. तिघेही डावखुरे फिरकी. आणि अमनच्या ६८ प्लेट गटातल्या होत्या, हर्षच्या एलिटमधल्या. गहुंजेकर, तुझ्या रकान्याचा मुद्दा इथे लागू.

टी२०वाला | २ मार्च

दुबईत आज भारत-न्यूझीलंड चालू आहे आणि इथे तुम्ही ३७ धावांच्या आघाडीवर विजेता ठरवताय. विदर्भ दुसऱ्या डावात ९ बाद ३७५ आणि हस्तांदोलन. सामना अनिर्णित, पण करंडक यांचा. कुणाला हे पटतं?

गलीपॉइंट | २ मार्च

मला पटतं, पण पूर्ण नाही. प्रामाणिकपणे लिहितो. एका धावेने आणि दोन धावांनी मिळालेली आघाडी बघताना मी नखं खाल्ली. पण कालचा आणि आजचा दिवस कंटाळवाणा होता हे खरं. करुणचा ३१वर स्लिपमध्ये झेल सुटला, त्याने १३५ केले आणि बोटांनी नऊचा आकडा दाखवला, सगळ्या स्पर्धा मिळून मोसमातली नऊ शतकं. ते डोळ्यात पाणी आणणारं होतं. पण विदर्भाला डाव घोषित करायची गरजच नव्हती. ३७ हातात असताना कर्णधाराने धोका का घ्यावा? वाडकरच्या जागी मीही घेतला नसता.

मग उपाय काय? सहावा दिवस?

अण्णा स्कोअरर | २ मार्च

सहावा कशाला? पूर्वी बाद फेरीचे सामने निकाल लागेपर्यंत चालायचे. १९४८-४९ची पुण्यातली उपांत्य फेरी, मुंबई ६५१ आणि ७१४/८, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा, सात दिवस. मुंबई ३५४ने जिंकली. त्या सामन्याच्या स्कोअररला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

सिलीपॉइंट ताई | २ मार्च

विदर्भाचं अभिनंदन. २०१७-१८, १८-१९ आणि आता तिसरं. दानिश सामनावीर, हर्ष मालिकावीर, ४७६ धावाही आहेत त्याच्या. राठोडच्या ९६०, मोसमात सर्वाधिक. आणि निवड समितीच्या चर्चेत यातली किती नावं येतील, पैज लावू?

जामठा एक्सप्रेस | २ मार्च

आज पैज नको ताई. आज फक्त ढोल.

अण्णा स्कोअरर | ३ मार्च

ढोल जरा थांबवा. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर गेले. ८४ वर्षांचे होते.

प्रथम श्रेणीत ५८९ विकेट, एकही कसोटी नाही. भारताच्या संघात बेदी होते, हे कारण सगळे सांगतात. हरयाणाच्या राजिंदर गोयल यांचंही तेच झालं, रणजीत ६३७ विकेट आणि कसोटी शून्य. मोसमभर आपण डावखुऱ्या फिरकीचेच आकडे मोजत बसलो होतो, म्हणून लिहितोय.

१९७२-७३ची फायनल, चेन्नईचं चेपॉक. मुंबई १५१ आणि ११३. एवढ्यावर कोणी जिंकतं का? तामिळनाडू ८० आणि ६१. शिवलकर पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्या डावात १८ धावांत ५. सामना दोन दिवस आणि एका चेंडूत संपला. मुंबईचं ते सलग पंधरावं विजेतेपद.

मैदानी मुंबईकर | ३ मार्च

अण्णा, माझे वडील शिवाजी पार्कात त्यांना बघायला जायचे. सांगायचे, पॅडींचा (शिवलकरांचं टोपणनाव) हात वर गेला की कट्ट्यावरची माणसं बोलायची थांबायची. सत्तेचाळिसाव्या वर्षी परत मुंबईकडून खेळले ते.

जामठा एक्सप्रेस | ३ मार्च

ढोल थांबवलाय अण्णा. तुमच्या वहीत त्या ८०चा डाव कसा दिसला असता, तेवढं सांगा.

अण्णा स्कोअरर | ३ मार्च

एम, एम, डब्ल्यू, एम, डब्ल्यू. एकाच ओळीत.